फवारा कुठे पडतो, ते आधी मोजा



कपाशी-ज्वारीवाल्यांच्या बैठकीसाठी छापलेल्या या पानांत द्राक्षबागेचे काय काम, असे कुणीही विचारील. द्राक्षवाल्याला पाणी आहे, बँक आहे, ट्रॅक्टर आहे. आपल्याला मृग बरसला तर पेरणी आणि बोंड फुटले तर दिवाळी. तरीही यंदा आम्ही काही कोरडवाहू कास्तकारांना घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या एका बागेत मुद्दाम गेलो. द्राक्ष कसे पिकवायचे हे पाहायला गेलो नव्हतो. द्राक्षवाला फवाऱ्याचे यंत्र कसे पारखतो, तेवढेच पाहायचे होते.

बागेच्या मालकाने वेलीवर, पानाच्या वर आणि पानाच्या खाली, पिवळ्या कागदाच्या पट्ट्या टाचल्या होत्या. पाण्याचा थेंब लागला की हा कागद त्या जागी निळा होतो. काही पट्ट्या त्याने वेलीच्या बुंध्याशी जमिनीवर ठेवल्या, काही दोन ओळी पलीकडे बांबूला बांधल्या आणि एक ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्याच्या छातीवर लावली. टाकीत नुसते पाणी भरले.

आधी हातातल्या गनने फवारले. बाहेरच्या पानावरची पट्टी निळीशार होऊन ओघळली, आतल्या पानाखालची पिवळीच राहिली, बुंध्याशी ठेवलेली चिंब झाली. मग ट्रॅक्टरचा ब्लोअर आणला. आतल्या पानाखाली बारीक ठिपके छान बसले, पण दोन ओळी पलीकडचा बांबूही निळा झाला. मालकाने पंख्याचा वेग कमी केला, वेलीच्या वरून मोकळ्यात जाणारी वरची दोन नोझल बंद केली आणि पुन्हा फेरी मारली. आतले ठिपके होते तसेच राहिले, पलीकडच्या बांबूवर मात्र तुरळक ठिपके आले. यंत्र तेच, पाणी तेच. पंख्याचा वेग आणि दोन नोझल एवढ्यानेच फरक पडला.

आमच्याबरोबरचा एक कास्तकार बराच वेळ त्या गड्याच्या छातीवरची पट्टी पाहत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, अशी पट्टी आपल्या पऱ्हाटीत लावली तर कुठं पिवळी राहीन?"

सगळा लेख या एका प्रश्नाबद्दल आहे.

द्राक्षवाला हे का मोजतो? तो आपल्यापेक्षा शहाणा आहे म्हणून नाही. त्याचा माल घेणारा मोजतो म्हणून. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि ओरड झाली. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची अंश-तपासणी बसवावी लागली. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, माल परदेशी बंदरांत अडकला आणि बागायतदार कर्जात बुडाले. तेव्हापासून कोणते औषध, किती, कोणत्या दिवशी आणि कोणत्या यंत्राने मारले याची नोंद ठेवणे त्याला भाग पडले. वेलीवर न बसता उडून गेलेले औषध म्हणजे वाया गेलेला पैसा, आणि शेजारच्या बागेवर जाऊन पडलेले औषध म्हणजे शेजाऱ्याच्या मालात निघणारा अंश. दोन्हींचा हिशेब रुपयांत होतो.

आपल्या कापसाचे काय? जिनिंगवाला ओलावा पाहतो, धाग्याची लांबी पाहतो, कवडी पाहतो. कापसात औषध किती उतरले हे कुणी विचारत नाही. फवारणाऱ्याच्या अंगात किती उतरले हे तर कुणीच विचारत नाही. ते विचारले गेले २०१७ साली, माणसे मेल्यावर.

त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. सरकारने तपास पथक नेमले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली आणि नंतर मास्क-हातमोजे वाटण्याच्या बातम्या आल्या. वर्तमानपत्रांत जे छापून आले त्याचा सूर एकच होता: शेतकऱ्याने तोंडाला फडके बांधले नाही, औषधांची खिचडी केली, लेबल वाचले नाही. यात काहीच खरे नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या हंगामात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, काही वावरांत डोक्यावर गेली होती. हाताने दांडा मारायच्या पंपाच्या जागी जोरात आणि बारीक फवारणारे बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते. पीक बदलले, यंत्र बदलले. फवारणारा माणूस मात्र उघडाच राहिला. याची चर्चा दोन-चार दिवस झाली आणि विरून गेली.

यंत्र बदलल्याने काय बदलते, ते थेंबाच्या हिशेबाने समजून घेऊ.

थेंब मायक्रॉनमध्ये मोजतात. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. ४०० मायक्रॉनचा थेंब दहा फुटांवरून सोडला तर दोन सेकंदांत खाली येतो. ताशी पाच किलोमीटरचे मंद वारे असले तरी तो अडीच-तीन मीटरच्या आत पडतो. १०० मायक्रॉनचा थेंब पडायला दहा सेकंद घेतो आणि १३ मीटर दूर जातो. २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटे हवेत तरंगतो आणि ३०० मीटरच्या पलीकडे जाऊ शकतो. भर उन्हात तर १०० मायक्रॉनचा थेंब वाटेतच सुकत लहान होतो आणि आणखी दूर जातो. या न बसलेल्या, वाऱ्यावर गेलेल्या थेंबांना आम्ही उडता फवारा म्हणतो.

थेंब निम्मा केला की त्याच पाण्यात आठ थेंब होतात. म्हणून बारीक फवाऱ्याने पान चांगले झाकले जाते, मावा-तुडतुड्यांवर मारा बरा बसतो आणि शेतकऱ्याला तो पंप आवडतो. हा फायदा खोटा नाही. पण दाब वाढवून थेंब बारीक केले की त्यातले अगदी सूक्ष्म थेंबही वाढतात. पान झाकणारा थेंब आणि श्वासात जाणारा थेंब एकाच नोझलमधून निघतात.

द्राक्षबागेत फवारणारा बहुतेक वेळा ट्रॅक्टरवर पुढे बसलेला असतो आणि फवारा त्याच्या मागे उडतो. कपाशीत फवारणारा स्वतःच ओळीत शिरतो. नळी पुढे धरतो आणि आपणच मारलेल्या ओल्या पानांतून चालत जातो. कंबर, मांड्या, पोटऱ्या भिजतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे नाकातोंडातून जातात तशी कातडीतूनही भिनतात, आणि घामाने ओली, पानांनी खरचटलेली कातडी ती आणखी लवकर घेते. तोंडाला बांधलेले फडके मांडीला काय वाचवणार?

आता मात्रेचा हिशेब पाहा. हा प्रत्येकाने आपल्या वावरात करून पाहावा.

एक गडी मिनिटाला ४० मीटर चालतो आणि एक मीटर रुंदीचा पट्टा मारतो असे धरा. एकराचे साधारण चार हजार चौरस मीटर. म्हणजे एकराला १०० मिनिटे. हातपंपाचे नोझल मिनिटाला ४८० मिली सोडत असेल तर एकरी ४८ लिटर, म्हणजे १६ लिटरचे तीन पंप. पंपाला ३० मिली औषध टाकले तर एकरी ९० मिली पडले. आता तोच गडी दोन नोझलचा बॅटरीचा पंप घेतो. तो मिनिटाला १२०० मिली सोडतो. एकरी १२० लिटर, म्हणजे साडेसात पंप. पंपाला तेच ३० मिली टाकले तर एकरी २२५ मिली. मात्रा अडीचपट झाली आणि कुणाला पत्ताही नाही.

याच्यावर कडी म्हणजे "पॉवर पंपाला तिप्पट औषध" हे वाक्य. ते मुळात पेट्रोलवर चालणाऱ्या, हवेच्या झोताने फवारणाऱ्या पंपासाठी आहे. तो पंप पाणी फार कमी वापरतो, म्हणून पाण्यात औषध जास्त टाकायचे, म्हणजे एकरी मात्रा तीच राहते. गावात मात्र हातपंप नसलेला प्रत्येक पंप हा पॉवर पंप. मग भरपूर पाणी सोडणाऱ्या बॅटरीच्या पंपातही तिप्पट औषध जाते. वरच्या हिशेबात तिप्पट टाका: ९० मिलीच्या जागी एकरी ६७५ मिली. साडेसात पट. कीड मेली म्हणून शेतकरी खूश होतो. पुढच्या वर्षी तीच कीड त्या औषधाला दाद देत नाही. मधल्या काळात फवारणारा दवाखान्यात.

औषधाची बाटली १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने बांधलेली आहे. तिच्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, हेक्टरी मात्रा असते. पंपालाही मानके आहेत आणि अनुदानाच्या यादीत येणाऱ्या यंत्रांची चाचणी होते. पण हा पंप पाच फुटांच्या पऱ्हाटीत चालवला तर किती औषध पानावर, किती जमिनीवर आणि किती गड्याच्या अंगावर पडते, हे छापलेले एकही खोके आम्ही दुकानात पाहिले नाही. मिनिटाला किती मिली सोडतो हेसुद्धा बहुतेकांवर नसते. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते. ज्या यंत्रातून विष बाहेर पडते त्याच्या खोक्यावर एवढेही का नसावे?

दुसरीकडे हे कसे झाले, ते सांगतो. फ्रान्समधल्या जिरोंद या द्राक्षांच्या प्रदेशात मे २०१४ मध्ये व्हिलनव्ह नावाच्या गावी शाळेजवळच्या बागांत फवारणी चालू असताना २३ मुले आणि त्यांची शिक्षिका आजारी पडली. देशभर गदारोळ झाला. शाळेजवळच्या फवारणीवर त्याच वर्षी कायद्याने बंधने आली. २०२० पासून वस्तीपासून किती अंतर सोडून फवारायचे याचा नियम लागू झाला: द्राक्षबागेला सर्वसाधारण औषधांसाठी दहा मीटर. त्यातली बारीक बाब आपल्या कामाची आहे. उडता फवारा कमी करणारे, चाचणीत उतरलेले यंत्र वापरले तर हे अंतर पाच मीटर किंवा तीन मीटरपर्यंत कमी करता येते. यंत्र मोजलेले असेल तर तेवढी जमीन शेतकऱ्याच्या हातात राहते. तिथल्या बागायतदाराला चांगले यंत्र घेण्याचे कारण उपदेशातून मिळाले नाही, जमिनीच्या हिशेबातून मिळाले. शिवाय युरोपात २००९ च्या निर्देशाप्रमाणे शेतावरच्या मोठ्या फवारणी यंत्रांची ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते, जशी आपल्याकडे ट्रकची होते.

त्यांची यंत्रे जशीच्या तशी आणा, असे आमचे म्हणणे नाही. तिथे बोगद्यासारखे यंत्र आहे. ते वेलीच्या ओळीला दोन्ही बाजूंनी झाकते आणि न बसलेले द्रावण पकडून पुन्हा टाकीत घेते. ते आपल्या नाशिक-सांगलीच्या मांडवाखालीही शिरणार नाही, पऱ्हाटीत तर नाहीच. हवा मिसळून जाड थेंब करणारी नोझल आहेत, त्यांनी उडता फवारा बराच कमी होतो. पण जाड थेंबाने पानाची खालची बाजू झाकली जाते का, हे आपल्या पिकात पाहावे लागेल. तणनाशकाला ती चालतील, तुडतुड्यांना कदाचित नाही. म्हणूनच आमची मागणी यंत्राची नाही, मोजणीची आहे.

तणनाशकाचा विषय निघालाच आहे तर ज्वारीवाल्यांनीही ऐकावे. ज्वारीतल्या रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी मारतात. ज्वारीला ते सोसते. कपाशीला आणि द्राक्षाला त्याचा वाससुद्धा सोसत नाही. धुऱ्यापलीकडून थोडे उडून आले तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात, लांबुळकी होतात. दोष रोगाला दिला जातो, शेजाऱ्याशी भांडण जुंपते, आणि २,४-डी मारलेला पंप न धुता तोच कपाशीत नेला तर भांडायला शेजारीही लागत नाही. अमेरिकेत टेक्सासच्या पठारावर, लबक शहराच्या आसपास, कापूस आणि द्राक्षबागा लागून आहेत. तिथे कापसावर मारलेल्या तणनाशकांनी वेली जळाल्या म्हणून २०२१ साली पन्नासहून अधिक द्राक्षवाल्यांनी कंपन्यांवर दावा लावला. आपल्याकडे असे प्रकरण तलाठ्यापर्यंतही जात नाही. फवारा धुरा ओलांडून गेला याचा पुरावाच कुणाकडे नसतो.

आता ड्रोन आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. माणूस पिकातून बाहेर निघतो, हा मोठाच फायदा आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. पण ड्रोन एकरी साधारण दहा लिटर पाण्यात काम भागवतो. म्हणजे द्रावण कित्येक पट तीव्र, थेंब बारीक, आणि तो पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरून सुटलेला. युरोपने २००९ साली हवाई फवारणीवर सर्वसाधारण बंदी घातली आणि जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या उभ्या चढणीच्या द्राक्षबागांसारख्या ठिकाणी खास परवानगीची वाट ठेवली. कारण तिथे माणसाला पाठीवर पंप घेऊन चढणे त्याहून धोक्याचे. जागा पाहून, मोजून निर्णय घेतला. आपल्या शिवारात धुऱ्याला लागून विहीर असते, गोठा असतो, शेजारी निंदणाऱ्या बाया असतात. ड्रोनचा फवारा तिथपर्यंत किती जातो, हे अनुदान वाटण्याआधी त्याच शिवारात कागदाच्या पट्ट्या लावून दाखवावे.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे सगळे सरकारने करायचे आहे. बरोबर आहे, पण आपल्या वाट्याचेही आहे. फवारणीची मजुरी गावोगाव पंपावर ठरते. जितके पंप मारशील तितके पैसे. वारा सुटला म्हणून थांबलास तर तुझे नुकसान. आम्ही एका गड्याला विचारले, "वाऱ्याच्या उलट का चालतोस?" तो म्हणाला, "मजुरी पंपावर भेटते भाऊ, वारं पाहाले कोनाले टाइम हाये?" या उत्तराला आमच्याकडे उत्तर नव्हते. शेतमालाचा भाव पाडला म्हणून आपण सरकारला जाब विचारतो, तो विचारलाच पाहिजे. मग गड्याच्या जिवाचा भाव पंपावर ठरवताना आपणही गप्प राहू नये.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली. हंगामाआधी प्रत्येक गावात एक दिवस पंपांची परीक्षा घ्यावी. खर्च काहीच नाही. पंपात नुसते पाणी आणि कपड्याची नीळ टाकायची. आधी नोझलखाली मापाचे भांडे धरून एका मिनिटात किती मिली येते ते मोजायचे आणि पंपावर रंगाने लिहून ठेवायचे. मग गड्याने जुना पांढरा सदरा-पायजमा घालून पऱ्हाटीच्या दोन ओळी मारायच्या. पाने आणि कपडे दोन्ही तपासायचे. नीळ कुठे बसली ते लहान पोरालाही दिसेल. नळी वाऱ्याच्या बाजूला, अंगापासून दूर धरून आणि न फवारलेल्या भागाकडे सरकत पुन्हा मारायचे. दोन्ही वेळचे कपडे शेजारी वाळत घालायचे. भाषणापेक्षा ते कपडे जास्त बोलतील.

दुसरी. मात्रा पंपावर न सांगता एकरावर सांगा, असे कृषी सेवा केंद्रवाल्याला आणि कृषी सहायकाला ठणकावून सांगावे. आपल्या पंपाचे एकरी किती पंप होतात, हे पहिल्या परीक्षेतून आपल्याला कळलेले असेल.

तिसरी. फवारणीची मजुरी रोजावर किंवा एकरावर ठरवावी. वारा सुटला आणि काम थांबले तर गड्याचा रोज बुडू नये. कपडे आणि हातमोजे मालकाने द्यावेत, आणि काम संपल्यावर अंघोळीचे पाणी व साबण वावरातच असावा.

चौथी, ही सरकारकडे आणि कृषी विद्यापीठांकडे. बाजारात असलेले पंप आणि ड्रोन कपाशीच्या उभ्या पिकात, लहान आणि उंच अशा दोन्ही अवस्थांत तपासावेत. पानावर किती, जमिनीवर किती, फवारणाऱ्यावर किती आणि धुऱ्यापलीकडे किती, असे चार आकडे मराठीत जाहीर करावेत आणि खोक्यावर छापण्याची सक्ती करावी. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. कापसासाठी नागपूरला केंद्रीय संस्था आहे, अकोला आणि परभणीला कृषी विद्यापीठे आहेत. माणसे आहेत, जागा आहे, पट्ट्यांचा कागद महाग नाही.

औषध मारू नका, असे आम्ही सांगत नाही. बोंडअळी वावरात बसलेली असताना असे सांगणारा कापूस पिकवत नसतो. आम्ही एवढेच म्हणतो की द्राक्षाच्या घडावर किती औषध उतरले हे सात समुद्रापलीकडचा गिऱ्हाईक मोजून घेतो. तर कपाशी फवारणाऱ्याच्या अंगावर किती उतरले ते आपण आपल्या वावरात मोजून घेऊ. यंदाच्या पहिल्या फवारणीआधी ज्या गावात ही निळीची परीक्षा होईल, तिथल्या कार्यकर्त्यांनी पंपांचे आकडे लिहून पुढच्या जिल्हा बैठकीत आणावेत. ते आकडे आणि निळे झालेले सदरे घेऊन आपण कृषी अधीक्षकाच्या दारात जाऊ.